दात पांढरे करायचेत? आधी ते पिवळे कशाने झाले ते बघा

आखाजी, म्हणजे आमच्या खान्देशातली अक्षय्य तृतीया, जवळ आली की माझ्या दवाखान्यात एकच प्रश्न रोज येतो. लग्नाच्या तारखा निघालेल्या असतात, साखरपुड्याचे फोटो मोबाईलवर फिरलेले असतात, आणि समोर बसलेली मुलगी किंवा मुलगा तोंडावर हात धरून सांगतो, "डाक्टर, मना दात पिवळा पडी गयात. पंधरा दिवसात काही व्हई का?"

गेल्या उन्हाळ्यात रावेरकडची एक मुलगी आली होती. आमच्या केळीपट्ट्यात सालांना काय तोटा! मोबाईलवर बघून तिने तीन आठवडे रोज केळीची साल दातांवर घासली. फरक पडेना म्हणून लिंबू आणि खायचा सोडा सुरू केला. त्यावर कोळशाची काळी पेस्ट. माझ्याकडे आली तेव्हा माठातलं पाणीही तिला दाताला लागत होतं. दात मुळात निरोगी होते, रंगही चारचौघांसारखाच होता. बिघडलं ते या घरगुती प्रयोगांनी. तिच्यासारख्या मुलींनी घरी काही करायच्या आधी हे वाचावं, म्हणून एवढं सविस्तर लिहितो आहे.

दाताचा रंग येतो कुठून

दाताच्या वर जे कडक कवच असतं त्याला इनॅमल म्हणतात. शरीरात त्याच्याइतकं कठीण दुसरं काही नाही, हाडसुद्धा नाही. पण ते दुधी काचेसारखं अर्धपारदर्शक असतं. त्याच्या खाली असतं डेंटिन, आणि ते जन्मजात पिवळसर असतं. आरशात आपल्याला दिसतो तो या दोन थरांचा मिळून झालेला रंग.

आता यातून निघणारी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. इनॅमल एकदा झिजलं की पुन्हा येत नाही. हाड सांधतं, कातडी भरते, नख वाढतं. इनॅमल वाढत नाही, कारण ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येईपर्यंत संपलेल्या असतात. म्हणून राखुंडी, मीठ, विटेची पूड, कोळसा अशा खरखरीत वस्तूंनी दात जोरात घासले की वरचा डाग जातो, सोबत थोडं कवचही जातं. कवच पातळ झालं की आतला पिवळा थर जास्त दिसतो. माणसाला वाटतं दात अजून मळलेत. तो अजून जोरात घासतो. साठीतले कितीतरी शेतकरी असे येतात, हिरडीजवळ दाताला कुऱ्हाडीने घाव घातल्यासारखी खाच पडलेली असते.

आणखी एक. निरोगी दात कागदासारखा पांढरा नसतोच. सुळा शेजारच्या दातांपेक्षा पिवळा असतो, तो तसाच असायचा. सात-आठ वर्षांच्या मुलाचे नवे दात दुधाच्या दातांशेजारी पिवळे दिसतात, तेही बरोबर आहे. अशा मुलांना घेऊन आया काळजीने येतात. त्यांना मी एवढंच सांगतो की माय, थांब, बाकीचे दुधाचे दात पडू दे.

पहिलं काम: खिडकीजवळ आरसा घेऊन बसा

ट्यूबलाइटखाली नाही, दिवसाच्या उजेडात. स्वच्छ फडक्याने पुढचे दात पुसून कोरडे करा आणि निवांत बघा.

पिवळा थर मऊ आहे, नखाने खरवडला तर निघतो? मग तो नुसता साचलेला मळ आहे, नीट ब्रश केला की जाईल. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला जीभ फिरवा. तिथे कडक, खडबडीत काही लागलं तर ती कीट. लाळेच्या ग्रंथी तिथे उघडतात, लाळेतल्या क्षारांनी मळ दगडासारखा होतो. ही कीट कुठल्याही ब्रशने निघत नाही.

दातांच्या फटींत आणि आतल्या बाजूला तपकिरी-काळा रंग असेल तर तो चहा, तंबाखू, मिसरी, तपकीर, गुटखा किंवा पान यांचा. लोहाच्या औषधानेही लहान मुलांचे दात काळे दिसतात. आशाताईंनी दिलेलं सिरप मुलाला पाजल्यावर त्याच्या दातांवर काळी छटा आली तर सिरप बंद करू नका. ते जिभेच्या मागच्या भागावर सोडा आणि वरून पाणी पाजा. तो डाग वरचा असतो, दवाखान्यात सहज निघतो. हिरड्यांच्या आजारासाठी दिलेलं क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश दोन आठवड्यांपेक्षा जास्त वापरलं तरी दात तपकिरी होतात, हे दुकानदार सांगत नाही.

डाग घासून हलत नाही आणि सगळे दात सारखेच पिवळे आहेत, तर तो बहुधा वयाचा किंवा अंगचा रंग. एकच दात राखाडी किंवा काळसर झाला असेल तर लहानपणी पडल्याचं, चेंडू लागल्याचं आठवतं का बघा. त्या दाताची आतली नस मेलेली असू शकते. दातांवर आडवे राखाडी पट्टे असतील तर लहानपणी टेट्रासायक्लिन गटाचं औषध दिलं होतं का ते आईला विचारा. आठ वर्षांच्या आतल्या मुलांना आणि गरोदर बाईला ते देत नाहीत, त्याचं एक कारण हेच.

आणि दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखेच खडूसारखे ठिपके, रेघा किंवा तपकिरी चट्टे असतील, भावंडांच्या आणि गल्लीतल्या बरोबरीच्या मुलांच्या दातांवरही तसेच असतील, तर पाण्याकडे बघायला हवं. खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच बिघडतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं तसं प्रमाण वाढतं. शंका असेल तर ग्रामपंचायतीत पाणी तपासायला सांगा. मोठ्या माणसाच्या दातांवरचे चट्टे पाणी बदलून जाणार नाहीत, पण घरातल्या तान्ह्या पोराचे दात वाचतील.

दुसरं काम: डाग पडायचे थांबवा

खान्देशात या विषयावर बोलायचं आणि मिसरीवर बोलायचं नाही, हे मला जमणार नाही. तव्यावर तंबाखू भाजून केलेली ही काळी पूड आमच्या कितीतरी आक्का-मावश्या अजून सकाळी 'दात घासायला' वापरतात. त्यांना ती तंबाखू वाटतच नाही. "मी तंबाखू खात नाही, फक्त मिसरी लावते," असं अगदी खरेपणाने सांगतात. केंद्र सरकारने १९९२ साली टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. घरी भाजलेली मिसरी मात्र कुठल्याच बंदीत अडकत नाही.

ती सुटत नाही, कारण तिच्यात निकोटिन आहे आणि सकाळची सगळी घडी तिच्यावर बसलेली असते. लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं दुखतं. हे खोटं नसतं, तलफच तशी असते. म्हणून मी एकदम सोड असं म्हणत नाही. आधी वेळा मोजायच्या, दिवसातून किती वेळा हातात डबी येते ते. मग दुपारची बंद, आठवड्याने संध्याकाळची. सकाळी उठल्यावर एक तांब्या कोमट पाणी, आणि हात डबीकडे जाईल तेव्हा भाजलेली बडीशेप किंवा ओवा. तरीही जमत नसेल तर १८००-११-२३५६ ही सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची मदतवाहिनी आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

मिसरी, तंबाखू किंवा गुटखा असेल तर दात पांढरे करायच्या आधी तोंड तपासून घ्या. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी त्याने आखडलेली तोंडं मला दर आठवड्याला दिसतात. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील, गालात किंवा जिभेवर पांढरा-लाल चट्टा असेल, किंवा तोंड आलेलं दोन-तीन आठवड्यांत बरं होत नसेल, तर दातांचा रंग बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. रंगासाठी आलेल्या माणसाच्या गालात वेळेवर सापडलेला चट्टा माझ्यासाठी कुठल्याही शुभ्र हास्यापेक्षा मोठा असतो.

चहाबद्दल मी तेवढा कडक नाही. प्या, पण दिवसभर घोट-घोट नको, आणि नंतर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा.

तिसरं काम: ब्रश

मऊ केसांचा ब्रश, फ्लोराइड असलेली साधी पेस्ट, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका टेकवा आणि हलक्या हाताने छोटे गोल फिरवा, मग दाताच्या टोकाकडे ओढा. भांडी घासल्यासारखं आडवं घासायचं नाही. महिन्याभरात ब्रशचे केस पसरत असतील तर तुमचा हात जड आहे. कैरीचं पन्हं, लिंबू सरबत, चिंचेचं सार असं आंबट घेतल्यावर अर्धा-पाऊण तास ब्रश करू नका, आधी नुसती चूळ. आंबटाने कवच काही वेळ मऊ झालेलं असतं.

'व्हाइटनिंग' लिहिलेल्या पेस्टमध्ये बहुतेक वेळा बारीक पॉलिश करणारी पूड असते, काहींत निळसर रंगद्रव्य असतं. कपड्यांच्या निळीचंच तत्त्व. निळ्या छटेने पिवळेपणा डोळ्याला कमी जाणवतो. वरचे डाग थोडे हटतात, आतला रंग बदलत नाही. एखाद-दुसरी नळी वापरायला हरकत नाही, पण दात लागायला लागले तर बंद करा. निंबाच्या काडीचं दातवण चावून नीट मऊ कुंचा करून हळू वापरलं तर चांगलंच आहे. त्याने हिरडी खरचटू देऊ नका, आणि रात्री फ्लोराइडची पेस्ट ठेवा.

घरचे उपाय, ज्यांनी माझ्याकडे पेशंट येतात

लिंबू-सोड्याचं खरं सांगायला हवं, कारण पहिल्या दिवशी त्याने दात पांढरे दिसतात आणि म्हणूनच विश्वास बसतो. पीएच हा आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आंबट. तोंडातला पीएच ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधले क्षार सुटायला लागतात. लिंबाचा रस २ ते ३ च्या आसपास असतो. त्याने पृष्ठभाग खरवडल्यासारखा होतो आणि खडूसारखा फिका दिसतो. आठ दिवसांत त्याच खरबरीत दातावर चहाचा रंग आधीपेक्षा लवकर चढतो. नुसता सोडा तेवढा वाईट नाही, तो मऊ असतो. वाईट आहे तो त्यात पिळलेला लिंबू.

कोळशाच्या पेस्टबद्दल अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात २०१७ साली तोवरच्या अभ्यासांचा आढावा आला होता. तिने दात पांढरे होतात किंवा ती सुरक्षित आहे, असं म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. केळीच्या सालीने काहीच होत नाही. सालीतलं पोटॅशियम दातात शिरून दात उजळत नाही, आणि पिकलेल्या सालीचा गर तेवढा दातांवर चिकटून राहतो. तेलाची गुळणी करायची तर करा, रंगाची अपेक्षा ठेवू नका. मेडिकलमध्ये जखम धुवायला मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड तोंडात घेऊ नका, हिरड्या भाजतात.

आठवडे बाजारात किंवा यात्रेत कुणी बाटलीतलं औषध लावून पाच मिनिटांत दात पांढरे करून देतो म्हणाला, तर तिथून निघा. बाटलीत ॲसिड असण्याची शक्यता मोठी, आणि नोंदणी नसताना दातांवर उपचार करणं हा कायद्याने गुन्हा आहे. डॉक्टरकडे गेलात तरी भिंतीवर बीडीएस किंवा एमडीएसची पदवी आणि राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक बघायला लाजू नका.

चौथं काम: दात साफ करून घेणं

माझ्या अंदाजाने निम्म्याहून जास्त लोकांचं काम इथेच भागतं. यंत्राने कीट काढतात, मग पॉलिश करतात. साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. तंबाखूचा अनेक वर्षांचा थर असेल तर दोन वेळा यावं लागतं.

"साफ केल्याने दात हलतात" ही भीती आमच्याकडे फार खोल बसलेली आहे. होतं असं की कीट वाढत गेली की हिरडी सुजते आणि दाताभोवतीचं हाड झिजत जातं. दात आधीच सैल झालेला असतो, कीट त्याला सिमेंटसारखी धरून असते. ती काढली की सैलपणा कळतो, फटी जाणवतात. दोष साफ करण्याचा नसतो, उशिरा येण्याचा असतो. साफ केल्यानंतर दोन-चार दिवस थंड दाताला लागतं, तेही थांबतं. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागात चौकशी करा. धुळ्याला दंत महाविद्यालय आहे, महाविद्यालयांत खाजगी दवाखान्यापेक्षा कमी पैशांत काम होतं, वेळ मात्र हाताशी ठेवा.

पाचवं काम: ब्लीचिंग, तेही गरज असेल तरच

दात साफ झाल्यावर पुन्हा आरशात बघा. समाधान झालं असेल तर थांबा. अजून पिवळेपणा खटकत असेल तर ब्लीचिंगचा विचार करा. यात पेरॉक्साइड कवचातून आत झिरपतं आणि रंगाचे मोठे रेणू फोडतं. दात घासला जात नाही, म्हणून योग्य ताकदीत, योग्य हातून केलं तर ते राखुंडीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे.

कुणी करू नये ते आधी. अठरा वर्षांखालच्या मुलांनी नको. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी पुढे ढकलावं. किडलेले दात, सुजलेल्या हिरड्या असतील तर त्यांचा उपचार अगोदर. पुढच्या दातांत कॅप किंवा दाताच्या रंगाचं फिलिंग असेल तर लक्षात ठेवा, ब्लीचने त्यांचा रंग बदलत नाही. शेजारचा दात उजळेल आणि कॅप पिवळी उठून दिसेल.

माझी पसंती घरी रात्री लावायच्या ट्रेला. डॉक्टर तुमच्या दातांचा साचा घेतात आणि मऊ, पारदर्शक ट्रे बनवून देतात. सोबत १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल असतं, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडच्या हिशेबात साधारण साडेतीन टक्के. ही पद्धत १९८९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली आणि तेव्हापासून तिच्यावर सगळ्यात जास्त अभ्यास झाला आहे.

रात्री जेवण झाल्यावर ब्रश करा. ट्रेच्या पुढच्या आतल्या बाजूला प्रत्येक दाताच्या जागी तांदळाच्या दाण्याएवढं जेल ठेवा. जास्त घातलं म्हणून जास्त पांढरं होत नाही, ते हिरडीवर येऊन चुरचुरतं. ट्रे बसवा, बाहेर आलेलं जेल बोटाने किंवा सुक्या ब्रशने पुसा, आणि झोपा. रात्रभर जमत नसेल तर दोन ते चार तास चालतात. सकाळी ट्रे काढून थंड पाण्याने धुवा, गरम पाण्याने तो वाकडा होतो. साधारण दोन आठवडे हे रोज करायचं. मी आधी वरच्या दातांना सुरुवात करायला सांगतो. खालचे तसेच राहतात, त्यामुळे फरक शेजारी-शेजारी दिसतो.

जेल फ्रिजमध्ये ठेवा. आमच्याकडे भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांकडे जातो, कपाटातलं किंवा गाडीच्या डिकीतलं जेल उष्णतेने निकामी होतं. ऑनलाइन मागवलेल्या जेलचं मला म्हणूनही भय वाटतं. मे महिन्यात ते कुठल्या गोदामात किती दिवस पडलं होतं कोण सांगणार? अशा काही तयार संचांमध्ये तर क्लोरीन डायऑक्साइडसारखं कवच खाणारं रसायनही असतं. सोबत मिळणाऱ्या निळ्या दिव्याने फारसा फायदा होत नाही.

दात झिणझिणणं हे नेहमीचं आहे, निम्म्या लोकांना तरी होतं. घाबरू नका, एक-दोन रात्री सोडा. पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट आधीच पंधरा दिवस वापरली तर त्रास कमी होतो. एकाच दातात जोराची कळ येत असेल तर मात्र बंद करून दाखवा, तिथे कीड किंवा चीर असू शकते. या दिवसांत मी जेवणाचं फार पथ्य सांगत नाही. शेवभाजी खा, भरीत खा, नंतर चूळ भरा. तंबाखू चालणार नाही.

दवाखान्यात एका बैठकीत होणारं ब्लीच ३५-४० टक्क्यांचं असतं. हिरड्यांवर संरक्षक थर लावूनच ते करायचं. खुर्चीतून उठताना दात फार पांढरे दिसतात, कारण ते सुकलेले असतात. दोन-तीन दिवसांत रंग थोडा खाली येतो. घाईत हा मार्ग ठीक, पण झिणझिण्या जास्त.

ज्यांना ब्लीच पुरत नाही

फ्लोराइडच्या तपकिरी चट्ट्यांना डॉक्टर अगदी पातळ थर घासून काढतात किंवा खडूसारख्या डागात रेझिन, म्हणजे राळेसारखा पातळ पदार्थ, भरतात. नुसतं ब्लीच केलं तर सुरुवातीला पांढरे ठिपके अजून उठून दिसतात. नस मेलेल्या एकट्या काळ्या दातात रूट कॅनॉल करून आतून ब्लीच करता येतं. टेट्रासायक्लिनच्या पट्ट्यांना ट्रे दोन आठवडे पुरत नाही, महिनोन्‌महिने लागतात. निरोगी दात तासून व्हिनियर, म्हणजे दातावर पुढून चिकटवायची पातळ पापडी, बसवण्याचा सल्ला कुणी पहिल्याच भेटीत दिला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. तासलेला दात परत येत नाही.

लग्नाची तारीख असेल तर

हळदीच्या दिवसापासून मागे मोजा. अडीच महिने आधी तपासणी, किडीचा उपचार आणि साफसफाई. दोन महिने आधी ट्रेचा साचा. त्यानंतर वरचे दोन आठवडे, खालचे दोन आठवडे. मग दोन आठवडे काहीच नाही, कारण रंग थोडा उतरून स्थिर होतो आणि ब्लीचनंतर लगेच लावलेलं फिलिंग दाताला नीट चिकटत नाही. जुनं फिलिंग किंवा कॅप नव्या रंगाला जुळवून बदलायची असेल तर ती त्यानंतर. शेवटच्या आठवड्यात कुठलाच नवा प्रयोग नको. पंधराच दिवस हातात असतील तर फक्त साफ करून घ्या.

ट्रे फेकू नका, डबीत जपून ठेवा. वर्ष-दीड वर्षाने रंग उतरल्यासारखा वाटला तर डॉक्टरांना विचारून नवं जेल घ्या, त्याच ट्रेमध्ये दोन-तीन रात्री पुरतात. रावेरच्या त्या मुलीला मी सगळं बंद करायला लावून तीन महिने नुसती फ्लोराइडची पेस्ट दिली. पाणी लागायचं थांबल्यावर दात साफ केले. ब्लीचिंग करायचं का असं विचारल्यावर तिने बराच वेळ आरशात पाहिलं आणि नको म्हणाली.